भाऊसाहेबांच्या जीपचे बोल्ट

खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं भाऊसाहेबांच्या आजोबांची जीप पार खाल्ली होती. स्प्रिंगच्या पाट्यांचे नट कसेबसे ढिले झाले, पण गंजलेले बोल्ट रॉकेल पाजूनही ढिम्म हलेनात. मेकॅनिक येसू पांचाळाच्या हातांची सालटी निघाली होती, आणि उमेद तर कधीच संपली होती.

भाऊसाहेब झेडपीचे मेंबर, आणि येसूचं गॅरेजही त्यांच्याच जागेत. माणसांचा लवाजमा घेऊन ते आले आणि गरजले, "बोल्ट तापवायला आजोबांच्या गाडीला आग लावायची नाही, घण मारायचा नाही! तरी संध्याकाळपर्यंत बोल्ट निघाले पाहिजेत, नाहीतर जागा खाली कर."

येसूनं हातातला पाना खाली ठेवला. आग नाही, घण नाही, म्हणजे गॅरेज गेलंच. आता जायचंच आहे, तर बोलून तरी जावं.

"एक उपाय आहे, भाऊसाहेब," तो म्हणाला. "तुम्ही बांधून घेतलेल्या नव्या रस्त्यावरून गाडी बंदरापर्यंत फिरवून आणा. बोल्ट आपोआप हातात येतील."

बरोबरची माणसं पायांकडे बघू लागली. भाऊसाहेबांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, मग आजोबांच्या जीपकडे.

"लाव बाबा तुझी आग," ते पुटपुटले.