हेलिकॉप्टर पडतच नाही

धरणाकाठच्या आंबेघर गावात यशोधन जहागीरदार हेलिकॉप्टर घेऊन आले. पर्यटकांना वरून किल्ला आणि धरण दाखवायचं, त्यासाठी त्यांना गावाचं माळरान हवं होतं. ग्रामसभेत सरपंच इंदुमती गावित यांनी कागद चाळले आणि विचारलं, "प्रवाशांचा आणि खालच्या लोकांचा विमा कुठं आहे?"

जहागीरदार हसले. "बाई, ही काही वडापची जीप नाही. माझं हेलिकॉप्टर पडतच नाही. उगीच हप्ते कशाला भरायचे?"

लोकही हसले. पण उड्डाणाचा मार्ग शाळेवरून जात होता. इंदुमतीबाईंनी विचारलं, "बरं, खुद्द हेलिकॉप्टरचा विमा आहे का?"

"म्हणजे काय! अकरा कोटींचा आहे," जहागीरदार ऐटीत म्हणाले. "घेतलं त्याच दिवशी उतरवला."

"मग असं करा," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते पडतच नाही, तर तो विमा आजच रद्द करा. तसं पत्र आणून दाखवा, मी लगेच परवानगीवर सही करते."

जहागीरदारांनी आपल्या मॅनेजरकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"तसं कसं चालेल," जहागीरदार पुटपुटले. "शेवटी यंत्र आहे. कधी काय होईल, सांगता येतं का?"

"मी तेच म्हणते," बाई म्हणाल्या. "आणि ते पडलं, तर खाली आम्ही असणार."

सभेत हशा पिकला. पंधरा दिवसांनी जहागीरदार प्रवाशांचा आणि गावकऱ्यांचा विमा घेऊन स्वतः आले. बाईंनी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, सही केली आणि पहिल्या फेरीचं एक तिकीट मागितलं.