किल्ली कोल्ह्याकडे

मुलांनो, एका जंगलात ओढ्यावर बांध घालण्याचे काम चालले होते आणि दगडांमधल्या फटी बुजवायला तिथे एक खार जात असे. अंगाने एवढीशी, पण चुकीचे काही दिसले की गप्प बसणे तिच्या स्वभावात नव्हते. बांधाजवळच्या जांभळीवर प्रथमोपचाराची लाकडी पेटी टांगलेली होती. दर खंडेनवमीला मुकादम अस्वल पहारी-कुदळींबरोबर पेटीलाही हळदकुंकू वाही, झेंडूची माळ घाली आणि मग वर्षभर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. पेटीला कुलूप होते आणि किल्ली भांडार सांभाळणाऱ्या कोल्ह्याकडे. "पेटी उघडी ठेवा, आतले कसे वापरायचे ते सगळ्यांना शिकवा," असे खारीने तीनदा सांगून पाहिले. "उघडी ठेवली तर पट्ट्या चोरीला जातील," असे म्हणून अस्वलाने तिला तिन्ही वेळा वाटेला लावले.

यंदा झेंडूची माळ सुकलीही नव्हती, तोच दगड उतरवताना ससा घसरला आणि धारदार कडेने त्याची मांडी चिरली. रक्ताची धार लागली. खारीच्या झाडाच्या बुंध्याशीच त्याचे बीळ होते आणि बिळात चार पिल्ले वाट पाहत होती. सगळे धावले खरे, पण धावून केले काय? "ओली माती थापा!" माकड ओरडले. "हळद भरा!" रानडुक्कर म्हणाले. "आधी पेटी आणा," अस्वलाने हुकूम सोडला. पेटी आली. कुलूप दिसले.

"किल्ली?"

"कोल्हेभाऊ मेहुण्याच्या लग्नाला गेलेत. उद्या येतील."

आणि खरेच सांगते मुलांनो, ते सगळे त्या कुलपाकडे पाहत उभे राहिले! सशाचे ओठ पांढरे पडत चालले होते.

खारीच्या अंगाची लाहीलाही झाली. "उद्या? तोवर हा राहील का?" तिने उडी मारली ती थेट अस्वलाच्या खांद्यावर आणि त्याचे पांढरेशुभ्र उपरणे ओढले. "अगं, आजच धुतलंय ते!" अस्वल कळवळले. "म्हणूनच घेतलं!" खार कडाडली. घडी घालून तिने ते जखमेवर ठेवले आणि सारे बळ एकवटून दाबले. पण खारीचे वजन ते किती? रक्त येतच राहिले. "मुकादम, तुमचा पंजा ठेवा इथे. दाबा, जोरात! उचलून बघायचं नाही. माकडदादा, त्याचा पाय उंच धरा. बाकीचे मागे व्हा, त्याला वारा लागू दे." एकदा तिची शेपटी चिरली होती, तेव्हा वैद्य कासवाने असेच केले होते. तेवढेच ती शिकली होती आणि विसरली नव्हती. अस्वलाने दाबलेला पंजा काढला नाही. बऱ्याच वेळाने रक्त थांबले. मग उपरणे तसेच घट्ट बांधून सशाला डहाळ्यांवर निजवून वैद्यांकडे नेले, आणि तो वाचला.

परतल्यावर रानडुकराने सुळ्याने कुलूप तोडले. आत पट्ट्यांचा भुगा होता. वाळवीने सगळे खाल्ले होते. तिला किल्ली लागली नव्हती.

अस्वल खाली मान घालून म्हणाले, "पुढच्या वर्षी लोखंडी पेटी घेऊ. मोठ्या कुलपाची."

"पुन्हा कुलूप?" संतापाने खारीला रडू फुटले. "चार पिल्लं आज पोरकी झाली असती, मुकादम! चोर येतील म्हणून जपलंत आणि ज्याच्यासाठी जपलंत, त्यालाच मरायला सोडलंत. तुमच्या पंजात एवढं बळ आहे, पण ते कुठे लावायचं हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्याआधी सगळे जांभळीखाली बसले होते. पेटी नव्या पट्ट्या घालून उघडी टांगली होती आणि सगळ्यांत पुढे, उपरणे नसलेले अस्वल पंजा पुढे करून बसले होते. "सांग," ते खारीला म्हणाले, "कुठे दाबायचं?"

तात्पर्य : प्रथमोपचाराची पेटी पूजून किंवा कुलपात ठेवून कुणाचा जीव वाचत नाही, ती हाताशी उघडी हवी आणि जवळ असलेल्या प्रत्येकाला ती कशी वापरायची ते आधीपासून ठाऊक हवे.