खिंडीतला रांजण

कोणत्या राजाच्या अमलात हे घडलं ते सांगणारंही आता कुणी उरलं नाही, इतकी जुनी ही गोष्ट आहे.

एका उंच खिंडीत जवाचं मद्य विकणारा एक माणूस राहत होता. घाट चढून दमलेले तांडेवाले त्याच्या ओसरीवर टेकत आणि त्याच्या मद्याची लाकडी पिंपं बैलांवर लादून पलीकडच्या बाजारात नेत. जव आंबवणं, मद्य पिंपात भरणं हे सगळं त्याची बायको करी. ती तापानं गेली आणि तो एकटा उरला.

कामाचं त्याला भय नव्हतं. भय होतं ते घरातल्या शांततेचं. म्हणून तो सारखा रांजणाशी काहीतरी करत बसे. झाकण काढून वास घेई, उगाच ढवळून पाही. कधी ऊब मिळावी म्हणून रांजण चुलीजवळ ओढी, कधी वाट दिसत राहावी म्हणून दाराशी नेई. बुडाशी बसू लागलेला साका दरवेळी उसळून वर येई. तांडा दिसला की तो घाईघाईनं रांजण तिरका करी आणि तळापर्यंतचं सारं पिंपात ओती.

"अहो, हे गढूळ आहे," एक तांडेवाला म्हणाला. "मागच्या खेपेची पिंपं वाटेतच फुगली. एक फुटलं. उरलेलं कुणी तोंडात धरेना."

"बसेल हो खाली. तुम्ही आधी बसा! घरी कोण कोण असतं? आज मुक्काम करताय ना?" असं म्हणत त्यानं बैलाचा कासराच धरून ठेवला.

तांडेवाल्यानं कासरा सोडवून घेतला. पुढच्या खेपेला तो नदीकाठच्या वाटेनं गेला. मग बाकीचेही तिकडूनच जाऊ लागले.

खिंडीत वाऱ्याखेरीज कुणी येईना. नुकताच भरलेला रांजण तसाच टाकून, दाराला कडी लावून तो खाली बहिणीच्या गावी गेला.

बहिणीचं घर भरलेलं होतं. तो ज्याच्या त्याच्या मागं फिरे, कुणी उठलं की विचारी, "कुठं चाललात?" हळूहळू तो आला की माणसं कामं काढून उठू लागली. भरल्या घरात त्याला खिंडीपेक्षा जास्त एकटं वाटू लागलं.

एका दुपारी धान्य पाखडता पाखडता बहीण म्हणाली, "दादा, रागावू नकोस. पण तू माणसाला श्वास घेऊ देत नाहीस रे. जरा नुसता बस ना आमच्यात."

त्याला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो खिंडीत परतला.

घर गार पडलं होतं. त्यानं रांजणाचं झाकण काढलं आणि तो पाहतच राहिला. मद्य मधासारखं नितळ झालं होतं, थेट तळाशी बसलेल्या साक्यापर्यंत नजर जात होती. सवयीनं त्यानं रांजण उजेडात ओढायला हात घातला. बहिणीचं बोलणं आठवलं. त्यानं हात मागं घेतला.

रांजण होता त्या जागेच्या खालच्या पायरीवर त्यानं पिंप ठेवलं. वेळूची वाकडी नळी आत सोडली, तिचं तोंड साक्याच्या बरंच वर धरलं आणि दुसरं टोक तोंडानं ओढून पिंपात सोडलं. धार आवाज न करता पिंपात उतरू लागली. शेवटी नळीत गढूळ रेघ दिसली. अजून तांब्याभर सहज निघालं असतं. त्यानं नळी उचलली आणि खालचं खालीच राहू दिलं.

बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मग एक मीठविक्या वाट चुकून आला. घरधन्यानं त्याला प्याला भरून दिला. विचारायच्या गोष्टी ओठांवर आल्या होत्या, त्या गिळून तो शेजारी नुसता बसून राहिला.

बऱ्याच वेळानं मीठविक्या आपणहून बोलला, "खाली कुणी असं गप्प बसू देत नाही हो. पोरगा गेला माझा. जो तो खोदून खोदून विचारतो."

ऊन कलेपर्यंत दोघं बसले. मग मीठविक्या उठला. यानं त्याला थांबवलं नाही.

पुढं तो पुन्हा आला, एक तांडा बरोबर घेऊन. त्या तांड्यानं नेलेल्या पिंपांतलं मद्य बाजारापर्यंत नितळ राहिलं, आणि खिंडीची वाट परत वाहती झाली. तरी काही दिवस कुणीच येत नसे. तेव्हा तो मांडीवर हात ठेवून ओसरीवर बसे. एकटेपणा तसाच होता, पण आता तो त्या एकटेपणाला ढवळत बसत नसे.

तात्पर्य: जे आपोआप निवळणार आहे, त्याला पुन्हा पुन्हा हात लावू नये.