मुकादमाची गुळणी

एका माळरानावर विहिरी खोदणारी एक टोळी होती. टोळीचा मुकादम भारी हुशार. इतका, की समोरच्याचं वाक्य अर्धं व्हायच्या आतच तो म्हणे, "कळलं, कळलं!" म्हणून सगळे त्याला पाठीमागे कळलंबुवा म्हणत.

एकदा त्यांनी अशी खोल विहीर खोदली, की वर न्याहारी करून उतरलेला माणूस दुपारची भाकरी अर्ध्या वाटेत खाई. खोटं वाटत असेल तर विहिरीला विचारा! आवाज मात्र असा घुमे, की काठावरची कुजबूजसुद्धा तळाशी ऐकू जाई.

त्या दिवशी खणणारा म्हातारा वर येऊन म्हणाला, "मुकादम, तळाचा दगड ओला—"

"कळलं! तुमचाच घाम असेल."

दोराच्या चाकाशी बसणारी सगुणाबाई म्हणाली, "मुकादम, चाकाच्या लाकडाला चीर—"

"कळलं! तेल लाव. सगळे आळशी! आज मीच उतरतो."

सगुणाबाईने चाक फिरवून त्याला दोराने खाली सोडलं. मुकादम तळाला टेकला आणि वर लाकूड कडकन तडकलं.

"मुकादम, लाकूड—" सगुणाबाई वरून ओरडली.

"कळलं!" म्हणत त्याने पहार हाणली.

अन् दगडातून पाणी उसळलं! बघता बघता गुडघे बुडाले, मग कंबर. मुकादमाला पोहता येत नव्हतं. त्याने दोर धरून हिसडा दिला. वरून लाकडाची एक ढलपी सण्णकन त्याच्या कानाजवळून गेली.

"काय झालंय? सांगा ना!"

वर सगळे गप्प.

"अहो, बोला! मी ऐकतो!"

तेव्हा वरून म्हाताऱ्याची कुजबूज आली, "कशाला सांगायचं? मधेच 'कळलं' म्हणेल अन् दोराला लटकेल. हा कुठला ऐकतोय!"

मुकादमाला पाण्यापेक्षा त्या कुजबुजीचीच जास्त भीती वाटली. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तर तोंडात पाणी! त्याने ओठ गच्च मिटले.

विहीर शांत झाली. सगुणाबाई चपापली. मुकादम चक्क गप्प? ती वाकून ओरडली, "मुकादम, दोर सोडा! लटकलात तर लाकूड तुमच्याच डोक्यात पडेल. मी कोरडा भोपळा टाकतेय, त्याला मिठी मारा. पाणीच तुम्हाला वर आणेल."

दोर सोडायचा? पोहता येत नसताना? हात सुटेना. पण जन्मात पहिल्यांदाच त्याने कुणाचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं होतं. त्याने डोळे मिटले आणि दोर सोडला.

पाणी चढत गेलं. भोपळ्याला बिलगलेला मुकादम काठाशी आला. सगळ्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं, तोच मागे ते लाकूड धाडकन विहिरीत कोसळलं!

मुकादम पांढराफटक पडला. "हे... हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"सगळ्यांना," सगुणाबाई म्हणाली. "सकाळपासून सांगतोय की!"

तेव्हापासून कोणी काही सांगायला आलं, की मुकादम त्याच विहिरीच्या पाण्याची चूळ तोंडात धरी. सांगणाऱ्याचं संपलं, की मगच टाकी. पहिले काही दिवस त्याचे गाल फुगून फुगून लाल होत. टोळी मात्र आता ढलपी उडाली तरी त्याला सांगायला धावत येई.

तात्पर्य: ज्यांचं बोलणं आपण रोज मधेच तोडतो, ते आपल्या संकटातही गप्पच राहतात.