ठकूबाई आणि वाढणारा उंबरा

एक होती कासारीण. राजा का नाही? राजाची गोष्ट काल झाली, आणि राजा शिकारीला निघायच्या आतच दिगू घोरायला लागला. म्हणून आज कासारीण. पाय आवर रे, शालीला जागा दे.

तर या कासारणीचं नाव ठकूबाई. डोक्यावर बांगड्यांची पाटी घ्यायची आणि गावोगाव फिरायची. चालायची अशी, की मागे लागलेली कुत्री दमून बसायची. मंगळवारी येते म्हणाली की मंगळवारीच येणार. मग ऊन असो, चिखल असो. दिलेला शब्द तिनं जन्मात मोडला नव्हता, आणि त्याचा तिला ताठाही भारी होता, बरं का.

एकदा काय झालं, तिची सून सगुणा बाळंतपणात अडली. एक दिवस गेला, दुसरा गेला. सुईणसुद्धा घाबरली. मग ठकूबाई अंगणात गेली. लांब डोंगरापलीकडे एक मोठी नदी होती. तिला सगळे माई म्हणत. त्या दिशेला हात जोडून ठकूबाई म्हणाली, "माई, माझी सून आणि तिचं लेकरू, दोन्ही जीव सुखरूप राहू देत. मी तुझी प्रदक्षिणा करीन. माझ्या पायांनी करीन. आणि बाळानं उंबरा ओलांडायच्या आत तुझ्या वाटेला लागेन."

माईची प्रदक्षिणा म्हणजे देवळाभोवती मारतो तशी नाही हं. एका काठानं जायचं, दुसऱ्या काठानं यायचं. नदी सतत उजव्या हाताला. मधे कुठे ती ओलांडायची नाही. तीन वर्षं लागतात तीन!

ठकूबाईनं हात खाली केले आणि आतून आवाज आला, ट्यँहँ! मुलगी झाली. तिचं नाव यमू.

ठकूबाईला आनंद मावेना. पाळणा काढायला ती शिडी लावून माळ्यावर चढली. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. पाळणा घेऊन उतरताना शिडी सरकली आणि बाई धाडकन खाली. पाळण्याला ओरखडासुद्धा आला नाही. ठकूबाईचा उजवा पाय मात्र मोडला.

हाडवैद्य आला. त्यानं पायाला कामट्या बांधल्या आणि म्हणाला, "तीन पौर्णिमा पाय जमिनीला लावायचा नाही." ठकूबाईनं त्याला इतकं फैलावर घेतलं, की तो ताक न पिताच पळाला. पण बाईला ऐकावं लागलं. तीन पौर्णिमांनी कामट्या सुटल्या, तर पाय झाला होता काडीसारखा. काठी धरून उभं राहायलाच आणखी चार महिने गेले. तोवर यमू रांगायला लागली.

मग एका सकाळी ठकूबाई म्हणाली, "आज विहिरीपर्यंत जाऊन येते." विहीर समोरच होती. निघाली, चालली, चालली, आणि बघते तर काय, परत आपल्याच तुळशीपाशी! पुन्हा निघाली. पुन्हा तुळस. तिसऱ्यांदा निघाली, तरी तुळसच. आता असं का झालं? अगं शाले, डावा पाय टाकायचा अख्खं पाऊल आणि उजवा टाकायचा अर्धं. मग माणूस उजवीकडेच वळणार ना! उद्या करून बघ. आत्ता नाही, आत्ता झोप.

शेजारीण कुंपणावरून हसली. "का गं ठकूबाई, घाण्याला जुंपलंय का तुला?"

ठकूबाईनं तिलाही दोन शब्द ऐकवले. पण घरात आली आणि रडली. पाय दुखत होता म्हणून नाही. यमू रांगत रांगत उंबऱ्याशी आली होती आणि त्यावर हात आपटून हसत होती, म्हणून. आज ना उद्या ती पलीकडे जाणार, आणि शब्द मोडणार.

मुलगा म्हणाला, "आई, बैलगाडी जुंपतो."

"पायांनी म्हणाले होते मी. बैलाच्या पायांनी नाही."

सगुणा म्हणाली, "आत्याबाई, दारात फळी लावते. यमू जाणारच नाही."

"म्हणजे माईला फसवायचं? जमायचं नाही."

असं म्हणाली खरी. पण दुसऱ्या दिवशी उंबऱ्याला हळदकुंकू लावताना हळूच काय पुटपुटली ठाऊक आहे? "उंबरेदादा, जरा उंच हो ना." आता हीसुद्धा फळीच झाली की नाही? पण तिला सांगणार कोण!

मग उंबरा बोलला. जुनं सागवान होतं ते, करकरत बोलायचं. "ठकू, रोज न चुकता हळदकुंकू लावतेस. तुझ्यासाठी तीनदा वाढेन. पण रोज माझ्यावरून बाहेर जायचं नि आत यायचं. माझ्यावर पाय द्यायचा नाही, बसायचं नाही, दाराला धरायचं नाही."

"एवढंच ना?" ठकूबाई म्हणाली. आणि उंबरा चार बोटं वर आला.

यमूचा हात पोचेना. ती भोकाड पसरून बसली. इकडे ठकूबाईला पाऊल उचलताना चांदण्या दिसल्या! "आई आई गं" करत गेली, "आई आई गं" करत आली. उंबऱ्याला तिनं इतकी नावं ठेवली, की लाकूड लाल व्हायचं बाकी राहिलं. पण रोज गेली. आणि पंधरा दिवसांनी काय झालं, अंगणात फिरताना ती तुळशीला सोडून थेट विहिरीभोवती फिरून आली.

मग यमू गुडघ्यांवर उठली आणि उंबऱ्यावर पोट टाकून लोंबकळली. उंबरा वाढला आणखी चार बोटं. सगुणा पाण्याची घागर घेऊन येताना म्हणायची, "हे काय मेलं रोज उंच होतंय!" ठकूबाई पाऊल उचलायची, दात आवळायची, जायची, यायची. आता तिचा फेरा गावच्या तळ्याला वळसा घालून येऊ लागला. जाता जाता बायकांच्या हातांत बांगड्याही भरू लागली.

मग यमू धरून उभी राहिली. उंबरा वाढला गुडघ्याएवढा. ठकूबाई आता बोलेनाशीच झाली. नुसता घाम. पण आता ती निघायची उजाडताना, आणि टेकडीला वळसा घालून यायची जेवायच्या वेळेला.

झालं. तीनदा वाढून झालं. एका सकाळी यमूनं दोन्ही हातांनी उंबरा धरला आणि एक पाय वर टाकला!

सगुणा ओरडली, "आत्याबाई!"

ठकूबाईनं डोक्यावर बांगड्यांची पाटी घेतली, काठी घेतली, पाण्याचा भोपळा घेतला. यमूचा मुका घेतला. उजवा पाय उचलला, छातीपर्यंत उचलला, आणि उंबऱ्याला न शिवता पलीकडे टेकवला. मग डावा. तिची टाच अंगणात पडली आणि मागे उंबरा खर्रकन पहिल्यासारखा खाली बसला. यमू पडली पलीकडे, धप्प! पडली आणि हसली.

"अरे लबाडा," ठकूबाई उंबऱ्याला म्हणाली, "आधीच खाली झाला असतास तर माझे एवढे हाल झाले नसते!"

उंबरा करकरला. "मी यमूसाठी वाढलो असं वाटलं होय तुला? तुझा पाय उचलायला कोण शिकवणार होतं, तो ताक न पिता पळालेला वैद्य?"

ठकूबाईनं वाकून उंबऱ्याला हात लावला आणि डोळ्यांना लावला. मग निघाली. यमूनं उंबरा ओलांडला म्हणून सगुणानं गावात घुगऱ्या वाटल्या.

आता गंमत ऐका. उजवं पाऊल अजून तीळभर कमी पडत होतं. तीळभरच. म्हणून वाट तीळभर उजवीकडे वळायची. पण तो फेरा एवढा मोठा झाला होता, एवढा मोठा, की अख्खी माई त्याच्या आत मावली! बाकीचे लोक वाट चुकले, रानात हरवले. ठकूबाई कुठेही चुकली नाही. नुसती चालत राहिली आणि माई आपोआप उजव्या हाताला राहिली. काठावरच्या बायकांना बांगड्या भरल्या, भाकरी खाल्ली, भांडणं केली. तीही केली, हो. आणि फेरा म्हटला की निघाला तिथेच येणार. तीन वर्षांनी एका दुपारी ती आपल्या अंगणात उभी.

दारात यमू होती. "कोण गं तू?" तिनं विचारलं.

"तुझ्याआधी जिनं उंबरा ओलांडला, ती मी," ठकूबाई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

पण आता पाय असे थकले होते, की बोटभरसुद्धा उचलेनात. तशीच ती फरफटत दाराशी आली. मग उंबऱ्यानं काय केलं? तो मधोमध खाली वाकला. पार जमिनीला टेकला. ठकूबाई पाऊल न उचलता आत आली आणि यमूनं तिला पाणी दिलं.

जुन्या घरांचे उंबरे मधे खोलगट असतात, पाहिलंत ना? लोक म्हणतात, पायांनी झिजले. म्हणू देत. तुम्हाला ठाऊक आहे ते आपल्यातच राहू दे.

ठकूबाई घरी पोचली, सगुणानं तिचे पाय शेकले, सगळी पोटभर जेवली आणि सुखानं राहिली. आता ज्याला पाणी प्यायचंय त्यानं पिऊन या. उंबऱ्यावर पाय देऊ नका. आणि येऊन गुपचूप निजा. दिगू? झोपला वाटतं. आज कासारीण घरी पोचेपर्यंत जागा होता, हेही नसे थोडके.