चौंडेश्वरीचं चौकडीचं लुगडं

कोष्टेवाडीच्या टेकडीवर चौंडेश्वरीचं ठाणं आहे. देवीच्या अंगावर गडद निळ्या-हिरव्या चौकडीचं जाड लुगडं असतं, मधून एक पिवळी रेघ. "विलायती दिसतंय की!" असं म्हणून पाहुणे हसले, की गावातले म्हातारे दगडूआप्पा ढवळे वैतागतात. "हसता काय? आधी ऐका तर."

फार मागे गोऱ्यांची एक चौकडीचे घागरे नेसणारी पलटण टेकडीखाली उतरली होती, असं सांगतात. त्यांचे कापडाचे गाडे नदीत वाहून गेलेले, अंगावरचे घागरे फाटलेले. कप्तानानं भिवा कोष्ट्याला तोफा ओढायला वेठीला धरलं आणि त्याच्या बायकोला, सगुणेला, दुभाष्याकरवी सांगितलं, "आमच्या चौकडीचं कापड विणून दे आणि नवरा घेऊन जा. पण ही चौकडी आमच्या बापजाद्यांची आहे. एक धागा इकडचा तिकडे चालणार नाही."

सगुणेनं कापड विणून नेलं. हिरवा फिका पडला, म्हणून परत. पुन्हा विणलं. चौकट रुंद झाली, म्हणून परत. नीळ आणि हळद कालवून तिचे हात कोपरापर्यंत रंगले. ती आली, की भिवा छावणीच्या कुंपणाशी येऊन नुसता बघत उभा राहायचा.

अखेर कापड तंतोतंत उतरलं. कप्तानानं त्यावरून हात फिरवला, खूश झाला आणि मग ते बाजूला सारलं. "आता उपयोग नाही. वरून हुकूम आलाय. पलटणीची रेघ यापुढे तांबडी."

"बापजाद्यांची रेघ हुकमानं बदलते होय रे?" सगुणा किंचाळली. दुभाष्यानं ते कप्तानाला सांगितलंच नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी तळ हलला. भिवा तोफेला जुंपलेलाच गेला. सगुणा ते कापड घेऊन तडक टेकडी चढली. देवीचं रेशमी लुगडं फेडून तिनं ते नेसवलं आणि म्हणाली, "माझा माणूस आण. तोवर तुला दुसरं नेसणं नाही."

आजही नवरात्रात देवीला त्याच चौकडीचं नवं लुगडं विणतात. नेसवण्याआधी गावातली सर्वांत म्हातारी कोष्टीण देवीपुढे उभी राहते आणि रागानंच विचारते, "आणलास का गं भिवाला?"

देवीच्या वतीनं गुरव मान खाली घालतो.

"मग नेस हेच," म्हातारी म्हणते आणि निऱ्या घालायला बसते.