लोहचुंबकाची साक्ष

राजेसाहेबांच्या लोहचुंबकाला निकेलची पट्टी टपकन चिकटली आणि धोंडोजी तांबटावर चोरीचा आळ आला.

घोड्याच्या नालासारखा तो लोहचुंबक राजेसाहेबांनी मुंबईहून आणला होता. आठ दिवस तो हातात घेऊन ते राजवाडाभर हिंडत होते. मुदपाकखान्यातले झारे झाले, पहारेकऱ्याचा बिल्ला झाला, दिवाणजींच्या चष्म्याची काडीसुद्धा सुटली नाही. अशीच हिंडत स्वारी मुलाम्याच्या कारखान्यात शिरली. तिथे हिरव्यागार पाण्याच्या हौदात निकेलच्या पट्ट्या टांगून धोंडोजी मोटारीच्या दिव्यांना आणि दवाखान्यातल्या कात्र्यांना मुलामा द्यायचा. मुलामा चढला की वस्तू लखलखायची आणि गंजायची नाही.

"धोंडोजी, लोहचुंबकाला काय चिकटतं?"

"लोखंड, सरकार."

"मग ही पट्टी का चिकटली? आम्ही विलायतेहून महागाचं निकेल मागवलं. ते विकून तू लोखंड टांगलंस."

"नाही सरकार, निकेलसुद्धा चिकटतं."

"पुरे. आमचा लोहचुंबक खोटं बोलत नाही. उद्या दुपारपर्यंत त्यानंच सांगितलं की हे लोखंड नाही, तर तू सुटलास. नाहीतर संस्थानातून चालता हो. दुसऱ्या कोणाची साक्ष चालणार नाही."

धोंडोजी घरी येऊन मान खाली घालून बसला. मुकी वस्तू साक्ष देणार कशी? त्याची मुलगी हौसा कारखान्यात त्याच्याच हाताखाली काम करायची. आधी तिला राजेसाहेबांचा संताप आला, मग ती विचारात पडली. झाडलोटीतून निकेलचे तुकडे वेचायला ती मोडक्या मोटारीतला लोहचुंबकाचा एक तुकडा वापरायची. भट्टीपाशी पडलेले निकेलचे कडकडीत तुकडे त्याला काही केल्या चिकटत नसत. निवले की मात्र उड्या मारत येत. लोखंडी खिळे तसे नव्हते, ते तापलेलेही येत.

"बाबा, जेवून घ्या," ती म्हणाली. "साक्षीदार बोलेल उद्या."

दुसऱ्या दिवशी हौसा दरबारात उभी राहिली. तिने राजेसाहेबांच्याच शिपायाकडून त्या पट्टीचा तुकडा कापून घेतला. तांब्याच्या एका तारेला तो टांगला, दुसरीला तेवढाच लोखंडी खिळा.

"सरकार, साक्षीदार आपल्या हातात धरा. दोघांच्या जवळ न्या, पण टेकवू नका."

राजेसाहेबांनी लोहचुंबक पुढे केला. तुकडा आणि खिळा, दोघेही त्याच्याकडे ओढले जाऊन तिरके झाले.

"झालं. दोन्ही लोखंड," राजेसाहेब म्हणाले.

"ही नुसती ओळख झाली. आता उलटतपासणी. साक्षीदार तसाच धरून ठेवा."

हौसाने दोघांखाली स्पिरिटचा एकेक दिवा पेटवून ठेवला. दरबार श्वास रोखून बघू लागला. थोड्या वेळाने निकेलचा तुकडा लोहचुंबकाकडे पाठ फिरवावी तसा मागे आला आणि सरळ लोंबू लागला. खिळा तांबूस झाला तरी तिरकाच.

हौसाने दिवे काढले. तुकडा निवला आणि पुन्हा लोहचुंबकाकडे झुकला.

"सरकार, दोन्ही लोखंड असती तर दोघांनी लोहचुंबकाला एकदमच सोडलं असतं. निकेल आधी सोडतं. एवढ्या आचेला लोखंड हटत नाही."

राजेसाहेबांनी स्वतःच्या हाताने दिवा ठेवून पुन्हा पाहिलं. तुकडा पुन्हा मागे आला. तरी त्यांचा हट्ट सुटेना.

"पण आमचा लोहचुंबक बोलला कुठे?"

"बोलला की, सरकार. धन्याची चूक भर दरबारात सांगायची, म्हणून जरा हळू बोलला."

दिवाणजींनी धसका घेऊन डोळे मिटले. राजेसाहेब मात्र असे खदखदून हसले की फेटा कानावर आला. धोंडोजीला त्यांनी शेला पांघरला, झालं गेलं विसर म्हणाले आणि हौसाकडे वळले.

"तू काय मागतेस?"

"हा साक्षीदारच द्या, सरकार. राजवाड्यात राहिला तर उद्या आणखी कोणाला तरी चोर ठरवील."

हसू आवरत राजेसाहेबांनी लोहचुंबक तिच्या हातात ठेवला, आणि त्याच्यावर नजर ठेवायला म्हणून तिला कारखान्याची मुख्य नेमलं.